तीस वर्षांच्या बॅगेचं चामडं इतकं गोरं कसं?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सहकारनगरला राहते. एका राष्ट्रीयीकृत बँकेत २९ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. येत्या ३१ तारखेला स्वेच्छानिवृत्ती घेते आहे. १९९८ च्या सुमारास मी कॅम्पातल्या शाखेत होते. तिथे एक वयस्कर पारशी बाई यायच्या. त्यांची तपकिरी, सोनेरी अक्षरांची, दोन हँडलांची पर्स काउंटरवर आली की माझी मोजणी चुकायची. ती लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीची 'स्पीडी' हे मला फार उशिरा कळलं. आता भिशीचे ८० हजार हातात आहेत आणि ही एक गोष्ट मला स्वतःसाठी घ्यायची आहे.

सोशल मीडियावर एका विक्रेतीकडे १९९६ ची 'अस्सल व्हिंटेज' स्पीडी ३० आहे, ३४ हजारांना. चामडं कोरं, पांढरट, एक डाग नाही. सोबत केशरी पेटी, निळी रिबीन आणि बिल. आत 'एसपी ४१२८' असा कोड आहे, म्हणून ती खरीच, असं ती सांगते. उद्या संध्याकाळपर्यंत सगळे पैसे यूपीआयने पाठवायचे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. भाची म्हणते, "मावशी, सात हजारांत फर्स्ट कॉपी मिळते, कुणाला कळतंय?" नणंद म्हणते, पर्सवर एवढे पैसे म्हणजे माज. विक्रेती म्हणते, ही गुंतवणूक आहे. काय करू?

– एक वाचक, सहकारनगर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: पैसे पाठवू नका, कारण नंतर सांगते. "थांबले आहे" असं तुमचं उत्तर आलं आणि जीव भांड्यात पडला. आता कारण सांगते. ते तुमच्या पत्रातच आहे.

आधी कोड. लुई व्हिटॉनच्या बॅगांमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आतल्या बाजूला असा छोटा ठसा असायचा. १९९० ते २००६ या काळात तो दोन अक्षरं आणि चार आकडे असा असे. अक्षरं कारखान्याची. आकड्यांतला पहिला आणि तिसरा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे १९९६ च्या मार्चमधल्या बॅगेवर ०९३६ असं असायला हवं. तुमच्या विक्रेतीच्या बॅगेवर ४१२८ आहे. पहिला आणि तिसरा आकडा घेतला तर बेचाळीस. बेचाळिसावा महिना कुठल्या पंचांगात आहे? २००७ पासून कंपनीने महिन्याऐवजी वर्षातला आठवडा लिहायला सुरुवात केली. त्या हिशोबाने हा कोड २०१८ सालच्या ४२ व्या आठवड्याचा, म्हणजे ऑक्टोबरचा होतो.

आता पेटीकडे या. केशरी पेटी आणि निळी रिबीन कंपनीने २०१६ मध्ये आणली, त्याआधी पेट्या गडद तपकिरी असायच्या. १९९६ ची बॅग नंतरच्या पेटीत कुणी ठेवू शकतं, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण कोड २०१८ चा आणि पेटी २०१६ नंतरची, मग १९९६ आलं कुठून?

तिसरा पुरावा सगळ्यात बोलका आहे, तो म्हणजे चामडं. स्पीडीचं तपकिरी अंग चामड्याचं नसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते वरून लेप दिलेलं सुती कॅनव्हास असतं. चामडं असतं हँडलांना, कडांना आणि चेनच्या टोकांना. ते गाईचं, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलं आणि वर रंग न चढवलेलं असतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं जसं पायाच्या घामाने आणि उन्हाने गडद होत जातं, तसंच हे. नवं असताना पांढरट, मग फिकट सायीसारखं, मग मधासारखं, आणि पुढे पुढे चिंचेच्या कोळासारखं. तीस वर्षांच्या वापरातल्या बॅगेचं चामडं कोरं असेल, तर एक तर हँडल आणि कडा बदलल्या आहेत किंवा सांगितलेलं वय खोटं आहे. जुन्या बॅगेचं वय तिच्या अंगावर वाचता येतं, आणि म्हणून मला जुन्या बॅगा आवडतात.

कदाचित ती खरोखरच २०१८ ची अस्सल बॅग असेल, असंही तुमच्या मनात येईल. मग दुसरा प्रश्न. आज नव्या स्पीडीची किंमत लाखाच्या पुढे आहे. जवळजवळ न वापरलेली, पेटी आणि बिलासकट असलेली अस्सल बॅग कुणी ३४ हजारांना का देईल? शिवाय तिला १९९६ ची का म्हणेल? विक्रेतीला स्वतःच्या मालातलं काही कळत नसेल किंवा ती खोटं बोलत असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिच्याकडून घेऊ नका.

कोड आहे म्हणून बॅग खरी, हे तिचं म्हणणंही चुकीचं आहे. नकली बनवणारेही कोड ठोकतात, आणि बरेचदा एकच कोड शेकडो बॅगांवर. चुकीचा कोड बॅगेविरुद्ध साक्ष देतो, पण बरोबर कोड तिच्या बाजूने फार काही सांगत नाही. २०२१ च्या मार्चपासून तर कंपनीने हे ठसे बंद करून आत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. सोन्यावर जसा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा क्रमांक असतो आणि तो आपण मोबाइलवर तपासतो, तसं काही जुन्या बॅगेसाठी नाही. कंपनीची दुकानंही सहसा जुनी बॅग बघून खरी-खोटी सांगत नाहीत.

मग ओळखायचं कसं? तुम्ही कॅश काउंटरवर होतात. खोटी नोट हाताला आली की तुमचा अंगठा आधी थांबायचा आणि दिव्याखाली धरणं नंतर व्हायचं, हो ना? ते बोटांना आलं, कारण त्यांनी लाखो खऱ्या नोटा मोजल्या होत्या. पैठणीचंही तसंच. हातमागाच्या पैठणीचे काठ उलट्या बाजूनेही सुलटसारखेच दिसतात, हे एकदा आईने किंवा सासूने दाखवलं की आयुष्यभर आपला हात आपोआप पदर उलटून बघतो. बॅगेसाठीही हातच शिकवावा लागेल. म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीच्या आधीचा आहे.

मुंबईला जा. लुई व्हिटॉनचं दुकान ताजमहाल हॉटेलमध्ये आहे आणि बीकेसीच्या जिओ वर्ल्ड प्लाझामध्येही. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडा. (ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली, आणि स्पीडीही १९३० चीच. तेव्हा तिचं नाव 'एक्सप्रेस' होतं. हा योगायोग मला फार आवडतो.) दुकानात जाऊन सांगा, स्पीडी बघायची आहे. संकोच करू नका, बघायला आलेलं माणूस त्यांना रोजचंच आहे. बॅग हातात घ्या. कॅनव्हास बोटांनी चेपा, तो वाटतो त्यापेक्षा मऊ आणि कमी चकचकीत असतो. चेन पाच वेळा उघडा-लावा. हँडल जिथे बॅगेला जोडलंय तिथली शिलाई बघा, पिवळसर दोऱ्याची, एकसारखी, किंचित तिरपी. चामड्यावर दाबून उठवलेल्या नावातला 'ओ' किती गोल आहे ते बघा. नाकाजवळ धरून वास घ्या. मग बॅग उलटी फिरवून मागची बाजू बघा.

मागच्या बाजूचं इतक्या आग्रहाने सांगते, कारण पारंपरिक स्पीडी कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्याची असते, तळाला जोड नसतो. त्यामुळे एका बाजूला अक्षरं सरळ असली की दुसऱ्या बाजूला ती उलटी, डोकं खाली करून येतात. अनोळखी माणसाला हा दोष वाटतो आणि त्याउलट काही नकला दोन्ही बाजूंना 'व्यवस्थित' सरळ अक्षरं छापतात. फोटोवरून बॅग बघताना मागच्या बाजूचा आणि तळाचा फोटो आधी मागा.

एका खोट्या भीतीतूनही तुम्हाला सोडवते. आत 'मेड इन फ्रान्स'ऐवजी 'मेड इन यूएसए' किंवा 'स्पेन' दिसलं तर लगेच नकली समजू नका. कंपनीचे कारखाने तिथेही आहेत. अशा शिक्क्यामुळे घाबरून लोकांनी सोडून दिलेल्या चांगल्या बॅगा मी पाहिल्या आहेत.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक नव्वदच्या दशकातली छोटी बॅग ऑनलाइन घेतली. दुसऱ्या एका नावाजलेल्या युरोपीय घराण्याची होती आणि अस्सल होती, यात शंका नव्हती. बाहेरून सुंदर. विक्रेत्याने आठ फोटो पाठवले होते, आठही बाहेरचे. घरी आल्यावर आतल्या खिशात हात घातला तर बोटं चिकटली. अस्तरावरचा प्लॅस्टिकसारखा थर दमट हवेने विरघळत चालला होता, काकवी सांडल्यासारखा. त्या काळातल्या बऱ्याच बॅगांच्या आतल्या खिशांचं असं होतं, आणि पावसाळा असलेल्या आपल्यासारख्या गावात लवकर होतं. मी लक्ष्मी रोडजवळच्या माझ्या नेहमीच्या मोचीकाकांकडे गेले. त्यांनी आत एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे पुसून जाणार नाही, पुरतं अस्तर काढावं लागंल." काढलं आणि नवं घातलं. बॅग वापरते आजही, पण आता ती विकायची म्हटली तर कुणी अस्सल म्हणून घेणार नाही. परत द्यायला गेले तर विक्रेत्याने हात वर केले. फोटोत आत काय आहे ते मी विचारलंच नव्हतं.

म्हणून जुनी बॅग घेताना आतला फोटो, तोही खिसे बाहेर काढून. मग चार कोपरे, कारण बॅग आधी तिथे झिजते आणि तिथली दुरुस्ती महाग असते. मग हँडलांची खालची बाजू, जिथे हाताचा घाम लागतो. तिथे चामडं काळं पडलेलं चालेल, पण भेगा पडलेल्या चालणार नाहीत. वास फोटोतून येत नाही, म्हणून सरळ विचारा: ओल, सिगारेट, अत्तर, डांबराच्या गोळ्या? उत्तर लेखी घ्या. कॅनव्हासला दुमडीवर चिरा असतील तर ती बॅग सोडा, कारण चिरलेलं कॅनव्हास पुन्हा सांधत नाही. चामड्यावरचे पाण्याचे डाग, पितळेवरचे ओरखडे, थोडा झुकलेला तळ, हे सगळं चालेल. जुनी स्पीडी मधोमध बसतेच.

एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचा आहे. तुम्ही दुचाकी चालवता का? साध्या स्पीडीला खांद्याचा पट्टा नसतो. स्कार्फ, हेल्मेट, भाजीची पिशवी आणि ही बॅग, असं सातारा रोडवर जमणार नाही. पट्टा असलेली स्पीडी, तिला बँडुलियर म्हणतात, २०११ पासून निघाली, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने व्हिंटेज होत नाही आणि जुनी मिळाली तरी महाग असते. ३० हा आकडा लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. डबा, पाण्याची बाटली, चष्मा सहज मावतो. २५ ची नाजूक दिसते, पण तुमच्या मनात काउंटरवरची ती बॅग आहे. ती बहुधा ३० किंवा ३५ ची असेल. तुम्ही रिक्षाने किंवा मेट्रोने फिरत असाल तर ३० घ्या.

पट्टा हवाच असेल तर आणखी एक नाव सुचवते: जुनी कोच. ही न्यूयॉर्कची कंपनी, १९४१ ची. १९६२ मध्ये बॉनी कॅशिन तिथे डिझायनर म्हणून आल्या आणि त्यांनी पितळी फिरकीचं कुलूप बॅगांना आणलं. त्याची कल्पना त्यांना स्वतःच्या उघड्या टपाच्या मोटारीच्या फिरक्यांवरून सुचली होती. सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या कोच बॅगांचं चामडं जाड आणि सलग असतं, बऱ्याच मॉडेलांना आत अस्तरच नसतं, म्हणजे चिकटायला काही नाही. किंमत लुई व्हिटॉनच्या मानाने खूपच कमी. माझ्या मते चामड्याच्या जुन्या बॅगांमध्ये पैशाला जागणारी याहून चांगली बॅग नाही. पण तुमचं मन स्पीडीवर आहे हे मला कळतंय. त्या बाई कोच घेऊन येत नव्हत्या.

खरेदी कुठून करायची? ८० हजारांत चांगल्या अवस्थेतली जुनी स्पीडी मिळण्यासारखी आहे, म्हणून घाई करू नका. जुन्या महागड्या बॅगांचा व्यवसाय करणाऱ्या, जीएसटीचं पक्कं बिल देणाऱ्या आणि 'नकली निघाल्यास पूर्ण पैसे परत' असं लिहून देणाऱ्या दुकानातून घ्या. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नाव दिसतं, ते जुळवून बघा. शक्य असेल तर बॅग समोर बघून, नाहीतर व्हिडिओ कॉलवर आतून-बाहेरून बघून. पैसे कार्डाने द्या, कारण फसवणूक झाली तर बँकेकडे दाद मागता येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अनोळखी माणसाला यूपीआयने गेलेली रक्कम परत मिळवणं किती कठीण, हेही तुम्ही काउंटरच्या पलीकडून पाहिलं असेल. तरी कुणी फसलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाभरात फोन करा. जपानमधून मागवण्याचा मोह होईल. तिथला जुन्या बॅगांचा बाजार मोठा आणि वर्गवारी प्रामाणिक, पण इथे पार्सल उतरताना सीमाशुल्क आणि कर लागतो, तो धरून हिशोब करा. पैसे घेऊन फोटोंवरून किंवा सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याने बॅग तपासून देणाऱ्या स्वतंत्र संस्थाही आहेत. एवढ्या खरेदीत तो खर्च करा.

भाचीला सांगा, फर्स्ट कॉपी विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. विकत घेणाऱ्याला तुरुंगात टाकत नाहीत, पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळा आहे. कुणाला कळतंय, असं ती म्हणते. तुम्हाला कळेल. सत्तावीस वर्षं एक बॅग डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही तिची छापील नक्कल हातात घेऊन फिरणार नाही.

गुंतवणुकीचं मात्र डोक्यातून काढा. २०२५ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात गायिका-अभिनेत्री जेन बर्किन यांची स्वतःची, त्यांच्याच नावाची पहिलीवहिली बर्किन बॅग ८६ लाख युरोंच्या आसपास गेली. अशा बातम्या वाचून लोक स्वतःच्या कपाटाकडे बघायला लागतात. ती एकच बॅग होती आणि तिच्या मालकिणीमुळे तिला ती किंमत होती. स्पीडी लाखोंच्या संख्येत निघाली आहे. उद्या विकायला गेलात तर दुकानदार स्वतःचा नफा कापूनच भाव देईल. हे ८० हजार खर्च आहेत, असं वहीत लिहा. गुंतवणुकीचे पैसे वेगळे ठेवलेत ना? बँकेतल्या बाईंना हे विचारते आहे, माफ करा, पण निवृत्तीच्या महिन्यात विचारावंसं वाटलं.

नणंदेला काय सांगायचं, हे मी सांगणार नाही, ते नातं तुमचं. मला एवढंच दिसतं की २९ वर्षं दुसऱ्यांचे पैसे पै-पैशासकट जुळवून दिलेल्या बाईने भिशीत थेंब थेंब साठवून एक वस्तू घ्यायची ठरवली आहे. यात माज मला कुठेच दिसत नाही. त्यांनाही मुंबईला सोबत न्या. बॅग हातात घेतली की त्यांचं बोलणं कदाचित बदलेल, नाही बदललं तरी डेक्कन क्वीनमधलं ऑम्लेट दोघींनी खाल्लेलं असेल.

३१ तारखेची घाई करू नका. निरोप समारंभाला तुमची रोजची पर्स चालेल. बॅग दिवाळीला आली काय, संक्रांतीला आली काय.

आल्यावर तिला खोबरेल तेल लावू नका. आपल्या घरांत चामडं म्हटलं की खोबरेलाची वाटी पुढे येते. या चामड्यावर त्याचा कायमचा काळपट डाग पडतो. जुन्या सुती साडीच्या पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई उतरते, जुनी मऊ ओढणी कोंबा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाटाबाहेर काढून वारा दाखवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबराच्या गोळ्या नकोत. हँडलवर पावसाचा थेंब पडलाच तर लगेच सुती कापडाने टिपा. तरीही एखादा डाग राहील. कॅम्पातल्या त्या बाईंच्या पर्सवरही ते असणार. काउंटरच्या काचेपलीकडून तुम्हाला दिसले नसतील.